सेफेरिनाने लावलेली कडी

आकातेनांगो डोंगराच्या माथ्याखाली, जिथे शेवटचे पाइन संपतात आणि पाय रुतणारी काळी रेती सुरू होते, तिथे रिगोबेर्तोचा तळ आहे. फळ्यांची एक खोली, तिच्या कोपऱ्यात चूल, बाहेर सात तंबू आणि पाण्याची चार निळी पिंपं. चालणारी मंडळी दुपारी येतात, समोरच्या फुएगो ज्वालामुखीच्या तोंडातून उडणारी आग बघत जेवतात, थोडं झोपतात, पहाटे माथा गाठतात आणि उतरून जातात. दुसऱ्या दिवशी दुसरी येतात. सेफेरिना मात्र तिथेच असायची. आठवड्यातले पाच दिवस वर, दोन दिवस खाली ला सोलेदाद गावात. असं नऊ वर्षं चाललं.

ती मुळात डोंगरावर जाणारी बाईच नव्हती. डोंगर होता तिच्या नवऱ्याचा, आन्सेल्मोचा. ओझी वाहण्यात त्याचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. एका जानेवारीत उत्तरेचा वारा सुटला असताना एका पाहुण्याने खाली जायचा हट्ट धरला. आन्सेल्मो त्याला घेऊन निघाला. पाहुणा पोचला. आन्सेल्मो घळीत घसरला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सापडला. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

तेव्हा रिगोबेर्तो, तिचा धाकटा दीर, घरी येऊन बसला होता. तळ नुकताच उभा राहिला होता, वर स्वयंपाकाला माणूस नव्हतं.

"वहिनी, दादा बरा होईपर्यंत तू बघ वरचं," तो म्हणाला.

पाय काही परत उगवणार नव्हता, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण 'बरा होईपर्यंत' हा शब्द बरा वाटला आणि तोच लागू राहिला. कपाळाला पट्टा लावून बटाट्यांचं पोतं पाठीवर घेऊन ती पहिल्यांदा निघाली तेव्हा गावातले ओझेवाले वाटेवर उभे राहून हसले होते. "आठवडाभर टिकते का बघू," एक जण म्हणाला होता. तिची पोरगी नोएमी तेव्हा सहा वर्षांची होती.

तळावरून गाव दिसतं. ढग नसले की तिला आपल्या घराचा पत्रा दिसायचा, सकाळी सहाला आन्सेल्मोने चूल पेटवली की धूर दिसायचा. नोएमीच्या चर्चमधल्या पहिल्या प्रसादाच्या दिवशी देवळाच्या अंगणात पांढऱ्या झग्यातल्या पोरी जमल्या होत्या. सेफेरिनाने एका पाहुण्याची दुर्बीण मागून घेतली. पांढरे ठिपके हलत होते, सतरा-अठरा. त्यातला आपला कोणता, ते काही तिला कळलं नाही. पाहुण्याने विचारलं, "दिसली का?" ती म्हणाली, "हो, दिसली." आणि घेवड्याला फोडणी द्यायला गेली.

वरचं सगळं मात्र तिला कळायला लागलं. फुएगो दर पंधरा-वीस मिनिटांनी गरजतो. हवा कोरडी असली की तो आवाज फळी मोडल्यासारखा येतो, आणि हवा बिघडणार असली की गोधडीखाली कुणी ढोल बडवावा तसा. कुणाचे ओठ थंडीने निळे पडलेत आणि कुणाचे नुसत्या दमण्याने, हे ती दुरून सांगायची. खालच्या दवाखान्यातल्या नर्सने तिला पाठीला कान लावून ऐकायला शिकवलं होतं. उंचीवर कुणाच्या छातीत पाणी झालं, तर आत कागद चुरगाळल्यासारखा आवाज येतो. तो आला की माणसाला लगेच खाली न्यायचं, मग बाहेर काहीही असो.

नऊ वर्षांनी, पुन्हा एका जानेवारीत, एल्मेर नऊ जणांना घेऊन आला. एल्मेर तिशीतला वाटाड्या, इंग्रजी फर्डं, स्वभावाने गरीब. नऊ जणांत राजधानीतले एक वकीलसाहेब होते, ऑक्ताव्हियो, आणि त्यांची एकोणीस वर्षांची मुलगी पाउलीना. बाकीचे परदेशी.

संध्याकाळीच फुएगोचा आवाज गोधडीखालून यायला लागला. रात्रीत वाऱ्याने तीन तंबू उपटून नेले, दोरांसकट. सगळ्यांना फळ्यांच्या खोलीत घ्यावं लागलं. सकाळ झाली ती नावापुरती. दार उघडलं की समोर पांढरं. वारा आडवा, आणि त्यात बर्फाचे कण तांदळाच्या कणीसारखे. माथ्यावर जायचा प्रश्नच नव्हता. खाली उतरायचं तर पहिला तास उघड्या रेतीच्या धारेवरून, आणि मग घळ.

पाउलीनाचं डोकं दुखत होतं. दोनदा ओकली. वकीलसाहेबांनी एल्मेरला कोपऱ्यात घेतलं.

"माझ्या मुलीला उंचीचा त्रास होतोय. यावर औषध एकच, खाली जाणं. बरोबर की नाही?"

"बरोबर, साहेब, पण..."

"मग पण कसला?"

एल्मेर सेफेरिनाकडे आला. "सेफेरिनाताई, साहेब ऐकत नाहीत. निघू या म्हणतात."

सेफेरिनाने मुलीला उठवून उभं केलं. एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावत खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं. मुलगी चालली, तोल गेला नाही. मग तिच्या पाठीला कान लावून बराच वेळ ऐकलं.

"छाती स्वच्छ आहे," ती म्हणाली. "डोकं दुखतंय ते दुखू द्या. बाहेर गेली तर दुखायला डोकं राहणार नाही."

"तुम्ही डॉक्टर आहात?" ऑक्ताव्हियोंनी विचारलं.

"नाही."

"स्वयंपाकीण आहात ना? मग स्वयंपाक करा."

"केलाय. सूप झालंय. आधी पोरीला दोन घोट द्या."

दुपारी बाराच्या सुमाराला पांढऱ्यातून सहा-सात सावल्या दारासमोरून गेल्या, एका दोराला बांधलेल्या. पलीकडच्या तळाचा एव्हारिस्तोकाका आपली माणसं घेऊन उतरत होता. एव्हारिस्तो म्हणजे या डोंगरावरचा सगळ्यात जुना वाटाड्या. त्याने वाट दाखवली आणि कुणी शंका घेतली, असं कधी झालं नव्हतं. त्याने दारावर थाप मारली, आत डोकं घातलं. दाढीत बर्फ.

"माझ्याकडचं छप्पर गेलं," तो म्हणाला. "मी उतरतोय. येता?"

"काका, नका जाऊ. इथे या सगळे, दाटीवाटीने बसू," सेफेरिना म्हणाली.

"तुझ्याकडे श्वास घ्यायला जागा नाही, पोरी," तो म्हणाला आणि गेला.

आता मात्र ऑक्ताव्हियो उठलेच. मुलीला जाकीट घालायला लागले. दोन परदेशी माणसंही बूट शोधू लागली. एल्मेर भिंतीला टेकून खाली बघत होता. तो नाही म्हणणार नाही, हे दिसत होतं. सेफेरिना दाराशी गेली. दाराला आतून लोखंडी कडी होती, वाऱ्याने दार उघडू नये म्हणून बसवलेली. तिने ती घातली, कुलपाच्या जागी चुलीतली सळई वाकवून अडकवली, पाण्याचं भरलेलं पिंप सरकवून दाराला लावलं आणि त्यावर पाठ टेकून बसली.

"हे काय?" ऑक्ताव्हियो म्हणाले.

"वारा थांबला की उघडते."

"तुम्ही आम्हाला कोंडून ठेवताय?"

"हो."

त्यांना उत्तराची अपेक्षा नसावी. मुलीच्या जाकिटावरचा हात त्यांनी काढला. मग कायद्याची कलमं सांगायला लागले. सेफेरिनाला कलमं कळली नाहीत, पण तुरुंग हा शब्द कळला.

खांबाला टांगलेला वॉकीटॉकी खरखरला. गावातून रिगोबेर्तो बोलत होता. साहेबांनी मघाशीच एल्मेरकरवी त्याला गाठलं होतं.

"वहिनी, काय ऐकतोय मी? दार उघड. इथे लख्ख ऊन पडलंय, कपडे वाळतायत. तू कसलं वादळ सांगतेस?"

"भावजी, डोंगराच्या डोक्याकडे बघा."

"बघतोय. ढगाची टोपी आहे, रोजचीच."

"त्या टोपीत आम्ही आहोत."

"अगं, एव्हारिस्तोकाका उतरतोय. तो काय वेडा आहे? साहेब स्वतःच्या जबाबदारीवर जायला तयार आहेत. लिहून देतो म्हणतात."

"आन्सेल्मोसुद्धा कुणाच्या तरी जबाबदारीवरच गेला होता," सेफेरिना म्हणाली आणि बटण फिरवून तिने आवाज बंद केला.

त्यानंतर सव्वीस तास ते दार उघडलं नाही. चार पावलं लांब, तीन पावलं रुंद खोलीत अकरा माणसं. गोधडीच्या पडद्यामागे बादली ठेवली होती, आणि पहिले काही तास कुणी तिकडे गेलं नाही. मग लाज संपली. एक परदेशी बाई आवाज न करता रडत होती. दोघं पत्ते खेळले, मग भांडले, मग पुन्हा खेळले. फळ्यांच्या फटींतून वारा शिटी घालत होता आणि फुएगो न दिसता गरजत होता. दर वेळी छतावर राख सांडल्याचा आवाज येई.

सेफेरिनाची पाठ दाराच्या थंडीने बधिर झाली होती. सगळ्यांच्या नजरा तिच्यावर होत्या. आजवर तिच्याकडे कुणी इतका वेळ बघितलं नव्हतं. बघितलं असेल तर ताटाकडे. ती स्वतःशी म्हणत होती, एक दिवस अडकलात तर जीव जातोय यांचा. पण तसं म्हणूनही बरं वाटेना. कारण मुलीचं काय ते तिला खात्रीने ठाऊक नव्हतं. छाती आता स्वच्छ होती, तासाभराने? दर तासाला ती उठून पाउलीनाच्या पाठीला कान लावायची, ती भानावर आहे ना हे बघायला तिच्याकडून आत्या-मावश्यांची नावं वदवून घ्यायची, आणि परत दाराशी येऊन बसायची. कपाळाचा पट्टा तिने मांडीवर काढून ठेवला होता. कागदाचा आवाज आला तर कडी काढायची, पोरीला पाठीवर बांधायचं आणि आपण स्वतः निघायचं, हे तिने ठरवलं होतं. कुणाला सांगितलं मात्र नाही.

दुसऱ्या सकाळी मुलीने मक्याची पेज मागून घेतली. पेला दोन्ही हातांत धरून ती सेफेरिनाजवळ येऊन बसली.

"तुमचं घर खालीच आहे ना?"

"हो."

"तुम्हाला जावंसं नाही वाटत?"

"रोज वाटतं."

"मग?"

"मग काय. पेज पी, गार होतेय."

दुपारी दोनला वारा पडला. सेफेरिना सळई काढायला गेली तर ती निघेना, हातांत जोरच उरला नव्हता. एल्मेरने पुढे होऊन ती काढली. बाहेर सगळं पांढरं आणि निळं होतं, आणि खाली गाव दिसत होतं, धुतल्यासारखं. मंडळी एकामागून एक बाहेर पडली. तिच्याशी कुणी बोललं नाही. पाउलीनाने वळून पाहिलं, पण बापाने हाताला धरून नेलं.

एव्हारिस्तोचे सगळे जण आदल्या संध्याकाळीच पोचले होते. सहाच्या सहा. रिगोबेर्तोच्या बायकोच्या हातचा पेपियानचा गरम रस्सा ओरपून राजधानीच्या गाडीत बसलेसुद्धा. गावाने हे पाहिलं होतं. त्यामुळे वकीलसाहेबांनी रिगोबेर्तोकडे तक्रार लिहून दिली तेव्हा सेफेरिनाच्या बाजूने बोलायला कुणाकडे काही नव्हतं. 'स्वयंपाकिणीने आजारी मुलीसह नऊ जणांना डांबून ठेवलं' असं त्यात होतं, आणि ते खोटं नव्हतं.

रिगोबेर्तो अंगणात उभ्यानेच बोलला. "वहिनी, तू आता घरीच बस. दमलीस तू."

नऊ वर्षं जे वाक्य ऐकायची ती वाट बघत होती, ते असं आलं.

घरी बसणं तिला जमेना. चूल आन्सेल्मोची झाली होती. कुबडी भिंतीला टेकवून एका पायावर उभा राहून तो मक्याच्या भाकऱ्या थापायचा, गावाने त्यावर आठ वर्षं विनोद करून झाले होते, आता विनोदही जुने झाले होते. तिने मीठ फळीवर ठेवलं की तो मुकाट्याने उचलून कोनाड्यात ठेवायचा. नोएमी पंधराची झाली होती. शाळेतून आली की बापाशी बोलायची आणि आई आत आली की गप्प व्हायची. राग म्हणून नव्हे, परक्या बाईसमोर माणूस जपून बोलतं तसं. खाटेवर आपली बाजू कोणती, हेसुद्धा सेफेरिनाला विचारावं लागलं.

आणि गिरणीवर बायका. ओला मका दळायला पाट्या घेऊन रांगेत उभ्या असताना बेर्नाबेला म्हणाली, "बायांनो, दाराजवळ नका गं उभ्या राहू. सेफेरिना आलीय, कडी लावेल." सगळ्या हसल्या. सेफेरिनाही हसली. दुसऱ्या दिवसापासून मात्र तिने दळण नोएमीबरोबर पाठवलं. मग बाजार बंद केला. मग रविवारचं देऊळ. महिन्याभरात तिचं जग अंगणाच्या कुंपणापर्यंत आलं, आणि अंगणातून डोंगराचा माथा दिसत नव्हता, मध्ये शेजाऱ्यांचं अवोकाडोचं झाड होतं.

आन्सेल्मो या सगळ्यात एक शब्द बोलला नव्हता. एका संध्याकाळी भाकरी उलटताना, तिच्याकडे न बघता म्हणाला, "मी गेलो त्या दिवशी तळावर म्हातारा तोमास होता. जाऊ नको म्हणाला. मी म्हटलं, जातो. तर बाजूला झाला बिचारा." भाकरी टोपलीत टाकून त्याने दुसरी घेतली. "फार भला माणूस. त्याने माझ्या एक कानफटात द्यायला हवी होती."

सेफेरिनाने टोपलीवर फडकं टाकलं. एवढ्या वर्षांत तो त्या दिवसाबद्दल पहिल्यांदा बोलला होता.

त्यानंतर चार दिवसांनी एव्हारिस्तोकाका आला. डाव्या हाताच्या दोन बोटांना फडकी गुंडाळलेली. बाकावर बसला, पाणी प्यायला, कोंबड्यांकडे बघत राहिला.

"बोटं कशी आहेत?" सेफेरिनाने विचारलं.

"शेंडे जातील. जाऊ देत." मग म्हणाला, "पोरी, घळीत मी मोजलं तर पाचच होते."

सेफेरिना बाकाच्या कडेला बसली.

"एक बाई होती, शेवटची. दोराची गाठ तिने स्वतःच सोडली. थंडीने माणसाला कळेनासं होतं, तुला माहीत आहे. मी पाच जणांना खडकाआड बसवलं आणि मागे गेलो. तासभर फिरलो. दिसत तर काहीच नव्हतं. शेवटी माझा पाय पडला तिच्यावर. जाकीट काढून उशाला घेऊन निजली होती. मला म्हणते, झोपू द्या ना. मी तिला मारत मारत उतरवली. खाली आल्यावर तिला यातलं काही आठवत नव्हतं. बाकीच्यांना वाटलं, मी वाट बघायला गेलो होतो."

"आणि तुम्ही कुणाला सांगितलं नाही."

"नाही. सगळे पोचले, हे खरं आहे. पण मी पोचवले, हे खरं नाही. माझा पाय हातभर इकडे पडला असता तर?" त्याने फडक्यातली बोटं चाचपली. "लोक माझ्या नावाने तुला हसतायत. मला जेवण जात नाही."

"मग इथे काय सांगता? त्या वाऱ्यात काय होतं ते मला तर आधीच माहीत होतं," सेफेरिना म्हणाली. बोलल्यावर तिला वाटलं, फार कडू बोलले. पण परत घेतलं नाही.

वाटाड्यांच्या पुढच्या बैठकीत एव्हारिस्तो उभा राहिला आणि जसंच्या तसं सांगितलं. चाळीस वर्षांचं नाव त्याने पाच मिनिटांत खाली ठेवलं. काही जण त्याच्यावरच उखडले, गिऱ्हाइकं बिचकतील म्हणून. एल्मेरही मग उठला आणि म्हणाला, त्या दिवशी कडी मी लावायला हवी होती, सेफेरिनाताईला लावावी लागली. गिरणीवरचं हसणं थांबलं. माफी वगैरे कुणी मागितली नाही. बेर्नाबेलाने एकदा रांगेत तिला पुढे जाऊ दिलं, एवढंच.

आणि रिगोबेर्तो परत आला. या वेळी बसला.

"वहिनी, वर कुणी टिकत नाही. दोघींना ठेवलं, दोघी पळाल्या. ये परत. पूर्वीसारखंच."

"पूर्वीसारखं नाही," सेफेरिना म्हणाली. "तीन दिवस मी. चार दिवस तुम्ही."

"मी?"

"तळ तुमचा ना, भावजी? नऊ वर्षांत एक रात्र झोपला नाहीत तिथे."

तो आन्सेल्मोकडे बघायला लागला. आन्सेल्मो मन लावून घेवडा निवडत होता.

रिगोबेर्तो पहिल्या चार दिवसांनी उतरला तो ओठ फुटून, डोळे सुजून, आणि दोन दिवस कुणाशी बोलला नाही. पण पुढच्या आठवड्यात पुन्हा गेला. आता त्यांचं असंच चाललंय. सेफेरिनाला चार दिवस घर मिळालं. त्यात ती अजून पाहुणीच आहे. मिठाची जागा कोनाड्यातच ठरली, खाटेची बाजू भिंतीकडची. कधी तिसऱ्या दिवशीच तिला कोंडल्यासारखं होतं आणि ती चढायच्या दिवसाची वाट बघू लागते, आणि मग स्वतःचाच राग येतो. वर गेली की पत्र्यावरचा धूर शोधते. हे आता सुटायचं नाही, असं तिने मनाशी धरलंय.

मागच्या महिन्यात नोएमी म्हणाली, "मी येते तुझ्याबरोबर. एकदा."

"काय आहे वर? थंडी आणि भांडी."

"एल्मेरदादा म्हणतो, मुलींनाही आता वाटाड्याचं शिकवतात."

सेफेरिनाच्या तोंडावर 'नाही' आलं होतं. ते तिथेच राहिलं. तिने बटाटे पोत्यात भरले, दोर आवळला. आन्सेल्मोने दोघींच्या भाकऱ्या वेगवेगळ्या फडक्यांत बांधून दिल्या. मक्याची शेतं संपेपर्यंत मायलेकी बरोबरीने चालल्या. मग चढ लागला, आणि पोरगी झपाझप पुढे निघाली.

"हळू," सेफेरिना म्हणाली. "वर दम पुरत नाही."

नोएमीने मागे न बघता हात हलवला आणि तशीच चालत राहिली.